गाणारे नाटक आणि बंगळूरचा शंकेखोर

मरणाच्या दारी उभा असलेला राजा तलवार खाली ठेवतो, पेटीवाल्याकडे एक दृष्टिक्षेप टाकतो, षड्ज धरतो आणि तीन कडव्यांचे पद पुरे झाल्यावरच प्राण सोडतो. प्रेक्षागृहातून ‘वन्स मोअर’ची आरोळी उठते, राजा उठतो, पुन्हा गातो आणि पुन्हा एकदा मरतो. संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळात ही थट्टा जितकी मराठी मुलखात ऐकू येई, तितकीच म्हैसूर संस्थानातही ऐकू येई. हाताची घडी घालून बसलेला एखादा शिकलेला मनुष्य शेजाऱ्याकडे वळून विचारी, “मरणारा मनुष्य गातो काय हो?” शेजारी गाण्यात रंगलेला असल्यामुळे त्याला उत्तर मिळत नसे. तरीही तो पुढच्या खेळाला हजर असे, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारीत असे.

या शंकेखोर प्रेक्षकाची आपण सहसा दखल घेत नाही. रंगभूमीचा इतिहास सांगताना नाटककार, नट, गवई आणि आश्रयदाते यांची नावे येतात. नाक मुरडणाऱ्याचे नाव येत नाही. वस्तुतः दक्षिणेतील नाटकाला जी वळणे मिळाली, त्यांतील पुष्कळशी या नाक मुरडणाऱ्यानेच दिली आहेत. त्याचा माग काढावयाचा तर बंगळूर हे शहर फार सोयीचे आहे. कानडी, मराठी, तेलुगू, तमिळ आणि उर्दू या पाच भाषा जिथे एकाच बाजारात ऐकू येतात, त्या शहरात नाटकातील गाण्याचा खटला एकदा नव्हे, दोनदा चालला. एका निकालात गाणे हद्दपार झाले, तर दुसऱ्या निकालात ते मानाने परत आले.

बंगळूरचा आणि मराठीचा संबंध जुना आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजेने केंपेगौडाच्या वंशजांकडून हे शहर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठिकाण झाले. जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त शहाजीच्या दरबारातील अनेक भाषांच्या कवींचे जे वर्णन आहे, ते याच वातावरणातले. शहाजीचा पुत्र व्यंकोजी बंगळुराहून तंजावरास गेला आणि १६७५ च्या सुमारास तिथे मराठ्यांचे राज्य स्थापन झाले. व्यंकोजीचा मुलगा दुसरा शहाजी याने १६८४ ते १७१२ या आपल्या कारकिर्दीत यक्षगानाच्या धर्तीवर नाटके रचली. त्याचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे उपलब्ध मराठी नाटकांत अगदी आरंभीचे समजले जाते. त्याच्याच ‘पंचभाषाविलास’ या नाटकात संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी या पाच भाषा रंगमंचावर एकत्र नांदतात. पाच भाषांचा हा संसार नुसत्या गद्य संवादांच्या बळावर चालला असता असे वाटत नाही. ज्याला तमिळ कळत नव्हते त्याला निदान राग कळत होता, आणि ज्याला मराठी कळत नव्हते त्याला ताल कळत होता. नाटकातील गाणे हे केवळ रंजनासाठी आलेले नसून, भाषेची नदी ओलांडण्यासाठी घातलेला तो सेतू होता, ही गोष्ट इथेच ध्यानात ठेवावयास हवी.

हाच सेतू पुढे सांगलीत दिसतो. उत्तर कानडा जिल्ह्यात होन्नावरजवळ कर्की नावाचे गाव आहे. तेथील भागवतांची यक्षगान मंडळी १८४२ साली सांगलीस आली. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी तिचे खेळ पाहिले आणि पदरी असलेल्या विष्णु अमृत भावे यांस तसेच, पण सुधारलेले खेळ मराठीत करण्यास सांगितले. या ‘पण सुधारलेले’ या शब्दांत शंका आली. राजाला खेळ आवडला होता, परंतु तो जसाच्या तसा नको होता. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ सादर झाले, आणि मराठी रंगभूमीचा आरंभ आपण त्या दिवसापासून मानतो. भाव्यांच्या नाटकांत पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे आपापली भाषणे उत्स्फूर्तपणे करीत. ज्या रंगभूमीचा मराठी माणूस अभिमान वाहतो, तिची पहिली ठिणगी अशी कानडी मुलखातून आलेली आहे.

सूत्रधाराच्या तोंडचे गाणे पात्राच्या तोंडी आले ते १८८० साली. हा बदल करणारे बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर हे जन्माने गुर्लहोसूरचे. हे गाव आज कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यात आहे. ते सरकारी महसूल खात्यातले नोकर होते. पुण्यात एका पारशी मंडळीचे ‘इंद्रसभा’ त्यांनी पाहिले आणि पारश्यांना जे साधते ते आपल्याला का साधू नये, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला, आणि दोन वर्षांनी ‘संगीत सौभद्र’ आले. किर्लोस्करांच्या पदांच्या चालींत साक्या, दिंड्या आणि कटाव यांच्या जोडीला कानडी चालीही मुबलक होत्या. कर्कीहून सांगलीला आलेले सूर अशा रीतीने दुसऱ्या वाटेने पुन्हा एकदा मराठीत शिरले.

आता या व्यवहाराची दुसरी बाजू पाहावयास हवी, कारण इतिहासात घेणेकरी आणि देणेकरी यांची अदलाबदल फार लवकर होते. मराठी मंडळ्या धारवाड, हुबळी, गदग, बेळगाव या भागांत वारंवार जाऊ लागल्या. त्यांचे पडदे भरजरी, गळे तयार आणि पदे ऐकताच ओठांवर बसणारी. त्या काळी उत्तर कर्नाटकाच्या शाळांत आणि कचेऱ्यांत मराठीचे वजन होतेच. आता करमणुकीतही तीच भाषा आली. गदगचे शिक्षक सक्करी बाळाचार्य, जे ‘शांतकवी’ या नावाने प्रसिद्ध झाले, त्यांना ही गोष्ट बोचली. कानडी मुलखातल्या प्रेक्षकाने कानडीतले नाटक का पाहू नये? १८७० नंतरच्या दशकात त्यांनी गदगला कानडी नाटक मंडळी उभी केली आणि तिच्यासाठी ‘उषाहरणा’सारखी नाटके लिहिली. गाण्याविषयी शांतकवींना शंका नव्हती. ते गाणे कोणाच्या भाषेत गायचे, हा त्यांचा प्रश्न होता. मराठी श्रोत्याने हा प्रश्न नीट ऐकावा. पारश्यांचे नाटक पाहून किर्लोस्करांना जे वाटले, तेच मराठ्यांचे नाटक पाहून शांतकवींना वाटले. एका भाषेचे वैभव हे शेजारच्या भाषेला कधी स्फूर्ती देते, तर कधी घुसमट. पुष्कळदा दोन्ही एकाच रात्री देते.

दक्षिणेकडे म्हैसूर संस्थानात हे वारे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात पोहोचले. महाराष्ट्राकडील आणि पारशी मंडळींचे खेळ तिथे झाले आणि महाराजा चामराजेंद्र वडियर यांच्या आश्रयाने दरबारची कानडी नाटक मंडळी निघाली. बसवप्पशास्त्री यांनी तिच्यासाठी ‘शाकुंतल’ कानडीत आणले. १८८४ साली तुमकूर जिल्ह्यातील गुब्बी या गावी ‘श्री चन्नबसवेश्वर नाटक मंडळी’ स्थापन झाली. लोक तिला ‘गुब्बी कंपनी’ म्हणू लागले. १८९१ साली जन्मलेले वीरण्ण लहानपणीच या कंपनीत आले आणि पुढे तिचे मालक झाले. ‘सदारमे’ नाटकातली त्यांची चोराची विनोदी भूमिका इतकी गाजली की नायक-नायिकेपेक्षा चोर पाहावयासच लोक येतात असे म्हटले जाई. १९३४ सालच्या त्यांच्या ‘कुरुक्षेत्र’ नाटकात रंगमंचावर खरे हत्ती आणि घोडे अवतरले.

अशा कंपनीला बंगळूरइतका चांगला प्रेक्षक दुसरीकडे क्वचितच मिळाला असता. शिवनसमुद्र येथील धबधब्यावर तयार झालेल्या विजेने या शहराचे रस्ते १९०५ सालीच उजळले होते. एका बाजूला चिकपेठ, बळेपेठ यांसारख्या जुन्या पेठा आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजांची छावणी अशी शहराची दोन अंगे होती; त्यांचा कारभारही १९४९ पर्यंत वेगवेगळा होता. पेठांत कानडी व्यापारी, तेलुगू विणकर, उर्दू बोलणारे कारागीर आणि शिंपी-रंगारी घराण्यांतली जुनी मराठी कुटुंबे शेजारी शेजारी राहत. छावणीच्या बाजूस तमिळ वस्ती मोठी होती. रात्रीची जेवणे आटोपून तंबूत बसलेला प्रेक्षक पहाटेच्या सुमारास घरी परते. कृष्णाचे म्हणणे त्यातल्या प्रत्येकाला शब्दशः कळत असे असे नाही. पण कृष्ण गाऊ लागला की विषय प्रेमाचा आहे की रुसव्याचा, हे कोणालाही विचारावे लागत नसे. तंजावरच्या राजवाड्यातली युक्ती आता दोन-चार आण्यांच्या तिकिटाला मिळू लागली होती.

आणि नेमक्या याच शहरात शंकेखोर उभा राहिला. १९०९ साली बंगळुरात ‘अमॅच्युअर ड्रॅमॅटिक असोसिएशन’ ही हौशी नाट्यसंस्था निघाली. वकील, अध्यापक, सरकारी अधिकारी असा तिचा गोतावळा. या वर्गातून जो सर्वांत तल्लख शंकेखोर पुढे आला त्याचे नाव त्यागराज परमशिव कैलासम. न्यायमूर्तींचा हा मुलगा भूगर्भशास्त्र शिकण्यासाठी लंडनला गेला, सुमारे सहा वर्षे तिथे राहिला आणि खडकांइतकाच तिथल्या रंगभूमीचाही अभ्यास करून परतला. काही काळ त्याने म्हैसूर सरकारच्या भूगर्भ खात्यात नोकरी केली आणि मग ती सोडून दिली.

बंगळूरच्या या शंकेखोराला कंपनीच्या नाटकात काय खटकत होते? ‘मरणारा गातो काय’ एवढीच त्याची तक्रार असती, तर तो रुक्ष मनुष्य म्हणून इतिहासाने त्याला सोडून दिले असते. त्याची खरी तक्रार अधिक खोल होती. रंगमंचावर रोज रात्री द्वारका होती, हस्तिनापूर होते, इंद्राची सभा होती. मात्र बसवनगुडीतले किंवा मल्लेश्वरातले घर नव्हते. परीक्षेच्या ओझ्याखाली दबलेला मुलगा नव्हता, हुंड्यापायी कर्जात बुडालेला बाप नव्हता, विधवा बहीण नव्हती. त्या घरातली माणसे जी अर्धी कानडी आणि अर्धी इंग्रजी भाषा बोलत, ती भाषाही तिथे नव्हती. गाण्याने सर्वांना एकत्र आणले होते, पण त्या एकत्र आलेल्या लोकांना त्यांचे स्वतःचे घर मात्र कोणी दाखवीत नव्हते. गाणे इतके गोड होते की त्याच्या आड काय झाकले जात आहे, हे पाहावयाची कोणाला गरजच वाटत नव्हती.

१९१८ सालच्या ‘टोळ्ळु गट्टि’ या नाटकात कैलासमने ते घर उभे केले. ‘पोकळ आणि भरीव’ असा या शीर्षकाचा अर्थ होतो. एक भाऊ परीक्षांत पहिला येणारा, दुसरा नापास होणारा. परंतु घरावर संकट येते तेव्हा कोण पोकळ आणि कोण भरीव हे उघड होते. नाटकात राजा नाही, देव नाही आणि गाण्यांची माळही नाही. पुढच्या ‘बहिष्कार’ या नाटकात विवाहाच्या रूढीपायी एका ब्राह्मण कुटुंबावर ओढवलेले संकट त्याने दाखविले. ‘नम् कंपनी’ या नाटकात तर त्याने थेट नाटक कंपन्यांचीच खिल्ली उडविली. कानडी नाटकातील वास्तवाचे युग कैलासमपासून सुरू झाले असे जे म्हटले जाते, त्यात अतिशयोक्ती नाही.

मराठी श्रोत्याला इथे गोविंद बल्लाळ देवलांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १३ जानेवारी १८९९ रोजी इंदूर येथे किर्लोस्कर मंडळीने ‘संगीत शारदा’ प्रथम रंगमंचावर आणले. म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचे लग्न लावणाऱ्या समाजाचे ते चित्र होते. देवलांनीही घर दाखविले, मात्र गाणे सोडले नाही. शारदेची पदे घरोघरी म्हटली गेली, आणि पदांबरोबर तिचे दुःखही घरोघरी गेले. गाण्याने वास्तव झाकले जाते, या शंकेला एकोणीस वर्षे आधीच मिळालेले हे उत्तर होते. मग कैलासमची शंका चुकीची होती काय? तसे म्हणता येत नाही. कारण ‘शारदे’सारखी नाटके थोडी झाली आणि गवयाच्या मैफलीला नाटक म्हणून खपविणारे खेळ फार झाले. औषध चांगले असले तरी भेसळ वाढली की कडक वैद्याची गरज पडतेच.

मराठीतही असे वैद्य निघाले. ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने १ जुलै १९३३ रोजी ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक केले. नॉर्वेजियन नाटककार ब्यर्नसन याच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ते रचले होते. त्यात गाणी अगदी मोजकी होती, केशवराव भोळ्यांचे संगीत प्रसंगाच्या पोटातून येत होते आणि ‘वन्स मोअर’ला जागा नव्हती. बंगळुरात कैलासमने जे केले, तेच मुंबईत या मंडळींनी आपल्या परीने केले.

परंतु या सुधारणेची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे. कैलासमची अर्धी इंग्रजी भाषा कळण्यासाठी प्रेक्षक निदान थोडा शाळेत गेलेला असावा लागे. पेठेतला विणकर, मंडईतला हमाल, छावणीतला खानसामा यांना त्या दिवाणखान्यात बसावयास जागा नव्हती. गाणे गेले, आणि त्याबरोबर गाण्याच्या आधाराने नाटक समजणारा प्रेक्षकही निघून गेला. तो गेला कुठे, हे शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. ज्या १९३४ साली गुब्बी कंपनीने हत्ती रंगमंचावर आणले, त्याच साली ‘सती सुलोचना’ हा पहिला कानडी बोलपट बंगळुरात प्रदर्शित झाला. तो तयार झाला होता कोल्हापुरात. नाटकातले गाणे, पौराणिक कथा आणि तिच्यावर जीव टाकणारा प्रेक्षक या तिघांनाही बोलपटाने उचलून नेले. वीरण्ण स्वतःही चित्रपटांत उतरले; त्यांच्या कंपनीत तयार झालेले राजकुमार १९५४ सालच्या ‘बेडर कण्णप्प’ने पडद्यावरचे नायक झाले. रंगभूमीवर उरला तो बहुधा शंकेखोर, आणि त्याची रिकामी बाके.

या कथेत एक मौजही आहे. नाटकातल्या गाण्यांना हसणाऱ्या कैलासमने स्वतः विनोदी गाणी रचली. इंग्रजी म्यूझिक हॉलमधल्या ‘कॉन्स्टँटिनोपल’ या गीताच्या चालीवर त्याने केलेले ‘कोळीके रंगा’ हे गाणे कर्नाटकात आजही गायिले जाते. त्याची सर्व नाटके ठाऊक नसलेल्यांनाही ते येते. १९४५ साली मद्रास येथील कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवून पुढच्याच वर्षी कैलासम निवर्तला. शंकेखोराची स्मृती सामान्य माणसाच्या ओठांवर राहिली, ती त्याच्या गाण्यामुळे!

दुसरा निकाल लागला तो रवींद्र कलाक्षेत्राच्या आवारात. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने योजिलेले हे नाट्यगृह बंगळुरात १९६३ साली खुले झाले. १९७२ साली त्याच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत तीन नाटके झाली: पी. लंकेश यांनी कानडीत आणलेला ‘ईडिपस’, त्यांचेच ‘संक्रांती’ आणि चंद्रशेखर कंबार यांचे ‘जोकुमारस्वामी’. तिन्हींचे दिग्दर्शक होते बाबुकोडी वेंकटरमण कारंत. दक्षिण कानडा जिल्ह्यात जन्मलेला हा मुलगा घरातून पळून गुब्बी कंपनीत गेला होता. वीरण्णांनीच त्याला पुढे शिकण्यासाठी काशीला पाठविले. तिथे त्याने ओंकारनाथ ठाकुरांकडे गाण्याचे शिक्षण घेतले आणि नंतर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून तो पदवीधर झाला. कंपनीचे गाणे आणि आधुनिकांची शंका या दोन्ही गोष्टी ज्याच्या एकाच अंगात मुरल्या होत्या, असा हा दिग्दर्शक होता.

‘जोकुमारस्वामी’चा विषय अस्सल मातीतला. उत्तर कर्नाटकात भाद्रपदात गणपतीच्या पाठोपाठ जोकुमाराची मातीची मूर्ती टोपलीत ठेवून बायका दारोदार फिरतात; पाऊस आणि पीक देणारा हा देव. कंबार स्वतः बेळगाव जिल्ह्यातल्या घोडगेरीचे. त्यांच्या नाटकातला गौडा गावाच्या जमिनी बळकावून बसला आहे, पण त्याला संतती नाही. नवऱ्यासाठी त्याच्या बायकोने केलेली जोकुमाराच्या प्रसादाची भाजी चुकून बसण्णाच्या पोटात जाते. जमीन कसणाऱ्याची की कागद बाळगणाऱ्याची, हा प्रश्न आणि मूल कोणाचे, हा प्रश्न नाटकात एकमेकांत गुंफले जातात. शेवटी गौडाची माणसे बसण्णाला ठार करतात. बयलाटाच्या पद्धतीप्रमाणे मेळा गातो, प्रश्न विचारतो, थट्टा करतो.

इथे शंकेखोराचा जुना प्रश्नच उरत नाही. बसण्णा मरताना स्वतः गात बसत नाही. त्याच्यासाठी गाव गातो. गाणे पात्राच्या दुःखाची सजावट म्हणून येत नाही, तर प्रेक्षकाला साक्षीदार म्हणून उभे करते. भाव्यांच्या सूत्रधाराकडे जे काम होते, तेच सव्वाशे वर्षांनी मेळ्याकडे परत आले होते. मात्र मध्यंतरी कैलासम होऊन गेला होता, म्हणून मेळा देवाच्या लीलेऐवजी जमिनीच्या वहिवाटीविषयी गात होता. गाण्याला त्याचा प्रेक्षक परत मिळाला, आणि शंकेखोराला त्याचे घर, त्याचे गाव रंगमंचावर दिसले.

त्याच वर्षाच्या १६ डिसेंबरला पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. विजय तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत. नाना फडणविसांच्या पुण्याचे हे नाटक ब्राह्मणांच्या एका रांगेने गायिलेले आणि नाचलेले आहे. माणसांची ती भिंत क्षणात भजन म्हणते, क्षणात गुन्हा झाकते. गाण्याच्या आड वास्तव झाकले जाते या जुन्या आक्षेपाचेच इथे नाटक झाले. त्यावरून वादळ उठले, मूळ संस्थेने प्रयोग थांबविले, आणि नव्याने निघालेल्या ‘थिएटर अकादमी’ने १९७४ साली ते पुन्हा सुरू केले. चंदावरकरांनी आदल्याच वर्षी ‘वंशवृक्ष’ या कानडी चित्रपटाला संगीत दिले होते. त्याचे दिग्दर्शक होते गिरीश कार्नाड आणि कारंत. कर्कीची वाट अजून रहदारीची होती.

या परंपरेची अलीकडची एक रात्र सांगण्यासारखी आहे. मलनाडच्या रानातील जीवनावर कुवेंपूंची ‘मलेगळल्लि मदुमगळु’ ही प्रचंड कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली. के. वाय. नारायणस्वामींनी तिचे नाट्यरूपांतर केले, सी. बसवलिंगय्यांनी दिग्दर्शन केले आणि हंसलेखांनी संगीत दिले. म्हैसूरच्या ‘रंगायण’ने २०१० साली ते प्रथम केले आणि २०१३ साली बंगळूरच्या कलाग्राममध्ये त्याचे प्रयोग झाले. नाटक सुमारे नऊ तासांचे. कथा सांगणारे जोगी गातात, रंगमंच चार, आणि प्रेक्षक रात्रभर एका मंचाकडून दुसऱ्याकडे उठून जातात. बंगळूर आता संगणकाच्या उद्योगाने जगात ओळखले जाणारे शहर झाले आहे. ज्या शहरात तासभर वाहतुकीत अडकलेला मनुष्य चिडून जातो, तिथे नऊ तासांचे गाणारे नाटक कोण पाहणार, ही शंका कोणाही व्यवहारी माणसाच्या मनात आली असती. प्रत्यक्षात लोक रात्रभर बसले आणि उजाडताना घरी गेले. त्यांच्या आज्या-पणज्या गुब्बी कंपनीच्या तंबूतून जात असत तशाच.

म्हणून शंकेखोराला हसू नये, आणि त्याच्या हातात रंगभूमीची किल्लीही देऊ नये. तो नसता तर आपण आजही राजाला पुन्हा पुन्हा मारीत बसलो असतो, आणि शेजारच्या घरात मरणाऱ्या मुलीकडे आपले लक्ष गेले नसते. परंतु त्याचेच सर्वस्वी ऐकले असते, तर रंगभूमी वाचता येणाऱ्यांचीच होऊन राहिली असती, आणि पेठेतला विणकर व मंडईतला हमाल दाराबाहेरच उभे राहिले असते. पाच भाषांच्या मुलखात गाणे हा सर्वांना आत घेणारा दरवाजा आहे. आत घेतलेल्यांना काय दाखवायचे, हे विचारण्याचा अधिकार शंकेखोराचा आहे. कर्कीहून सांगलीला, सांगलीहून म्हैसूरला आणि तिथून पुन्हा बेळगावच्या मातीतून बंगळुराला फिरत आलेल्या या कलेने दोघांचेही तिकीट फाडले आहे. पुढच्या खेळाला ते दोघे शेजारी शेजारी बसलेले असावेत, आणि एकाने टाळी दिली म्हणून दुसऱ्याने आपला प्रश्न गिळू नये, एवढीच अपेक्षा.